सुबियाको ते मोंते कासिनो : एका नेमाचा मागोवा

रोमला गेलेला आपला माणूस बहुधा व्हॅटिकन, कलोसियम आणि ट्रेव्हीचं कारंजं यांतच अडकून पडतो. त्यात गैर काही नाही. पण ख्रिस्ती साधनेची मुळं पाहायची असतील तर मेट्रोची ‘बी’ लाइन पकडून पोंते माम्मोलोला उतरावं आणि तिथून सुबियाकोची बस धरावी. शहर मागे पडलं की आनियेने नदी सोबतीला येते, टेकड्यांचे डोंगर होतात आणि बस एका अरुंद खोऱ्यात शिरते. रोमपासून अंतर सत्तरएक किलोमीटर. सम्राट नीरोने इथे नदीला बांध घालून तळी करवली होती आणि काठावर विलासमहाल बांधला होता. आज त्याचे थोडे पडके अवशेष तेवढे उरलेत. त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला, कड्याला चिकटवल्यासारखा एक मठ दिसतो. ती ‘साक्रो स्पेको’, म्हणजे संत बेनेडिक्टची पवित्र गुहा.

आम्ही वसईकर कॅथलिक. उपवासकाळ, शुक्रवारचं मांस वर्ज्य, संध्याकाळची रोजरी हे सगळं अंगवळणी पडलेलं. बऱ्याच घरांत रोजरी अजून टिकून आहे, टीव्हीवरच्या मालिकांशी भांडत का होईना. पण हा नेम धरायचा कशासाठी, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. भक्तीला उधाण येतं आणि ओसरतंही. शिबिरं होतात, रडू येतं, नवे संकल्प होतात आणि पावसाळा संपेपर्यंत विरून जातात. मग दीड हजार वर्षं टिकलेला नेम कसा असतो ते एकदा जाऊन पाहावं म्हणून तो घालून देणाऱ्या बेनेडिक्टची वाट धरली.

गावातून गुहेकडे चढत जाणारा रस्ता आधी सांता स्कोलास्तिका या मठापाशी येतो आणि मग सदाहरित ओकच्या दाट राईतून वर जातो. शेवटची चढण दम काढणारी आहे. आत पाऊल टाकलं की भिंत कुठे संपते आणि खडक कुठे सुरू होतो तेच कळत नाही. एकावर एक दोन चर्चं, त्यांना जोडणारे जिने, आणि जिथे हात जाईल तिथे भित्तिचित्रं. बहुतेक तेराव्या-चौदाव्या शतकातली. एका छोट्या चॅपेलमध्ये असिसीच्या फ्रान्सिसचं चित्र आहे. डोक्यामागे तेजोवलय नाही, हातापायांवर ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा नाहीत. ते फ्रान्सिसच्या हयातीतच, १२२३-२४च्या सुमारास काढलं गेलं असं जाणकार मानतात ते यामुळेच. संत होण्याआधीचा संत पाहायला मिळणं दुर्मीळ, म्हणून या भिंतीपाशी मी बराच वेळ उभा होतो.

गुहा मात्र अगदीच लहान आहे. चार माणसं आत शिरली की पाचव्याने बाहेर थांबावं. आत तरुण बेनेडिक्टची संगमरवरी मूर्ती आहे. बर्निनीचा शिष्य आंतोनियो राज्जी याने ती सतराव्या शतकात घडवली. शेजारी दगडाचीच भाकरीची एक टोपली. तिची गोष्ट पोप ग्रेगरी पहिला यांनी इ. स. ५९३-९४च्या सुमारास लिहिलेल्या ‘संवाद’ या ग्रंथात आहे. बेनेडिक्टच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे ते जवळजवळ सगळं याच ग्रंथातून आलेलं आहे.

बेनेडिक्टचा जन्म इ. स. ४८०च्या आसपास, नुर्सियाचा. पश्चिमेचं रोमन साम्राज्य नुकतंच कोसळलेलं. शिकायला रोममध्ये आलेला हा मुलगा तिथल्या स्वैराचाराला विटला, शिक्षण अर्धवट टाकून डोंगरात निघून गेला आणि या गुहेत तीन वर्षं एकटा राहिला. जवळच्या मठातला रोमानुस नावाचा साधू आपल्या वाट्याची भाकरी वाचवून दोराने खाली सोडत असे. दोराला घंटी बांधलेली असे. ती वाजली की बेनेडिक्टला कळायचं, जेवण आलं. एकदा एक धर्मगुरू ईस्टरचं जेवण घेऊन त्याला शोधत आला आणि म्हणाला, आज प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण आहे. बेनेडिक्टला त्याचा पत्ताच नव्हता! ख्रिस्ती वर्षातला सगळ्यात मोठा दिवस त्याच्या गुहेवरून निघून चालला होता.

ग्रेगरींना या गोष्टीतून बेनेडिक्टची विरक्ती दाखवायची आहे. मला तिच्यात एकांतातल्या साधनेचा दोषही दिसतो. माणूस फार एकटा पडला की त्याचं पंचांगही त्याच्याबरोबर हरवतं, आणि मग बाहेरून कुणी तरी येऊन सणाची आठवण करून द्यावी लागते. पुढे बेनेडिक्टने जी व्यवस्था उभी केली तिच्यात दिवस, आठवडा आणि वर्ष यांचा हिशेब इतका काटेकोर आहे की सण विसरणं कुणाला शक्यच नाही. या दोन गोष्टींचा संबंध असावा असं मला वाटतं. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही.

गुहेतली कीर्ती पसरल्यावर जवळच्या एका मठातल्या साधूंनी त्याला आपला मठाधिपती होण्याची गळ घातली. तुमचं-माझं जमायचं नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं. ते खरं ठरलं. त्याची शिस्त त्यांना इतकी जाचली की त्यांनी त्याच्या द्राक्षारसात विष कालवलं. आशीर्वादासाठी त्याने क्रूसाची खूण केली आणि पेला फुटला, असं ग्रेगरी सांगतात. बेनेडिक्ट रागावला नाही. देव तुम्हाला क्षमा करो, म्हणाला आणि गुहेकडे परतला. मग याच खोऱ्यात त्याने बारा छोटे मठ वसवले, प्रत्येकात बारा साधू. त्यांतला आज नांदता राहिलेला एकमेव मठ म्हणजे वाटेत लागलेला सांता स्कोलास्तिका. जर्मनीहून आलेल्या दोन मुद्रकांनी १४६५मध्ये इथेच छापखाना मांडला. इटलीत छापलेली पहिली पुस्तकं या डोंगरातून खाली उतरली.

मी या मठाच्या अतिथिगृहात उतरलो होतो. संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये मोजकेच साधू होते आणि त्यांतले बरेचसे वयस्कर. दोन बाजूंना समोरासमोर बसून एका बाजूने स्तोत्राची एक ओळ म्हणायची, दुसऱ्या बाजूने पुढची. मधे श्वासाएवढी विश्रांती. आवाज चढवणं नाही, हात उंचावणं नाही. एक साधू बहुधा सर्दीने बेजार होता. तो शिंकला, रुमाल काढला, नाक पुसलं आणि पुढच्या ओळीला बरोबर सामील झाला. आमच्याकडच्या भरगच्च मिस्सांच्या मानाने हे सगळं रूक्षच म्हणायचं. पहिल्या संध्याकाळी मला कंटाळा आला. दुसऱ्या संध्याकाळीही आला, पण तोवर उठावं कधी आणि बसावं कधी हे पायांना कळायला लागलं होतं.

पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या साधूंना जेवणानंतर मी विचारलंच, ‘‘फादर, रोज तेच ते. कंटाळा येत नाही का?’’

‘‘येतो की,’’ ते म्हणाले. ‘‘पण घंटा मला विचारून वाजत नाही.’’

त्या घंटेमागे जे पुस्तक आहे ते म्हणजे बेनेडिक्टची नियमावली. प्रस्तावना आणि त्र्याहत्तर छोटी प्रकरणं. सगळं मिळून एका रेल्वेप्रवासात वाचून होईल एवढं. त्याआधी ‘गुरूचा नियम’ नावाचा एका अनामिकाचा ग्रंथ प्रचलित होता, साधारण तिप्पट मोठा आणि माणसांवर कमालीचा अविश्वास दाखवणारा. बेनेडिक्टने त्यातलं बरंच उचललं आणि त्याहून जास्त गाळलं, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. ‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे जे ब्रीद बेनेडिक्टच्या नावावर सगळीकडे छापलेलं असतं, ते त्याच्या नियमावलीत नाही. ते फार नंतरचं आहे.

नियमावली हातात घेताना माझी अपेक्षा आसुडांची आणि उपासमारीची होती. निघालं भलतंच. दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, आणि आठवड्याभरात दीडशेही स्तोत्रं पुरी व्हायला हवीत. आपले पूर्वज ती एका दिवसात म्हणत, आपण आळशी माणसं निदान आठवड्यात तरी म्हणू या, असा टोमणाही त्यात आहे. जेवणाला दोन शिजवलेले पदार्थ, म्हणजे एक एखाद्याला चालला नाही तर दुसरा खाता येईल. माणशी दिवसाला एक रतल भाकरी. द्राक्षारस खरं तर साधूंना वर्ज्यच, पण हल्लीच्या साधूंना हे पटवता येत नाही, तेव्हा ठरलेल्या मापाने प्यावा, असं तो चक्क लिहितो. उन्हाळ्यात दुपारी वामकुक्षीची परवानगी आहे. कुणाला त्या वेळी वाचायचं असेल तर खुशाल वाचावं, फक्त शेजाऱ्याची झोप मोडू नये.

पहाटेच्या प्रार्थनेबद्दलची त्याची योजना तर मला फारच आवडली. सुरुवातीचं स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणायचं, म्हणजे उशिरा उठलेल्यांना पोहोचता येईल. त्यानंतरही जो उशिरा येईल त्याने आपल्या नेहमीच्या जागी न जाता सगळ्यांना दिसेल अशा वेगळ्या जागी उभं राहायचं. बाहेर मात्र ठेवायचं नाही. कारण? बाहेर ठेवलं तर पठ्ठ्या परत जाऊन झोपेल, नाही तर गप्पा मारत बसेल. उठताना एकमेकांना हळुवारपणे हाक मारावी, कारण झोपाळू माणसाकडे सबबींना तोटा नसतो. हे लिहिणाऱ्याने माणसं जवळून पाहिली होती, आणि विषाचा पेलाही पाहिला होता.

उपवासकाळाबद्दलचं प्रकरण दोन-चार मिनिटांत वाचून होतं. साधूचं अख्खं आयुष्यच उपवासकाळासारखं असावं, पण तेवढं बळ थोड्यांच्याच अंगी असतं. म्हणून निदान या चाळीस दिवसांत खाणं, पिणं, झोप, बडबड आणि थट्टामस्करी यांत थोडी काटछाट करावी. काय सोडणार ते आधी मठाधिपतीला सांगून त्याची संमती घ्यायची. न सांगता केलेली तपश्चर्या पुण्यात नाही, बढाईत जमा होते. आमच्याकडे उपवासकाळात कोण काय सोडतो याची जी चढाओढ चालते, तिच्यावर यापेक्षा रामबाण औषध मला ठाऊक नाही. त्याच काळात प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक मिळे आणि ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं लागे. कुणी पुस्तक बाजूला टाकून चकाट्या पिटत नाही ना, हे पाहायला एक-दोन ज्येष्ठ साधू फेरी मारत.

स्वयंपाकाची पाळी सगळ्यांवर आठवड्या-आठवड्याने फिरते, आणि भांडाराची भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकीच जपायची. पंढरीच्या वारकऱ्याला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. त्याचा हरिपाठही मनःस्थिती पाहून ठरत नाही, आणि कांदा-मुळ्याच्या मळ्यात विठ्ठल पाहणं त्याला नवं नाही.

सुबियाकोहून बेनेडिक्ट इ. स. ५२९च्या सुमारास दक्षिणेला गेला. एका मत्सरी धर्मगुरूने त्याला सुबियाकोत राहणं अशक्य केलं होतं. आज तोच प्रवास रोमवरून उलटा फिरून रेल्वेने करावा लागतो. कासिनो स्टेशनवर उतरलं की वर, पाचशे मीटरहून उंच डोंगराच्या माथ्यावर, पांढराशुभ्र प्रचंड मठ दिसतो. वळणावळणाचा घाट नऊएक किलोमीटरचा. खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मोंते कासिनो मनात भरत नाही. सुबियाकोच्या काळवंडलेल्या खडकानंतर इथला दगड फारच कोरा वाटतो, कडा फारच सरळ. त्याला कारण आहे. ही सगळी वास्तू दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. जुन्या आराखड्यावरहुकूम, होती तिथे आणि होती तशी उभारलेली.

हा मठ याआधीही पडला होता. बेनेडिक्ट ५४७च्या सुमारास गेला. प्रार्थनागृहात, शिष्यांच्या आधाराने, उभ्या उभ्या त्याने देह ठेवला अशी कथा आहे. त्यानंतर पन्नास वर्षांच्या आतच लोंबार्डांनी रात्री हल्ला करून मठ लुटला. साधू जिवानिशी रोमला पळाले. पळताना त्यांनी काय बरोबर घेतलं ते आठव्या शतकातला इतिहासकार पॉल द डीकन याने नोंदवून ठेवलंय : नियमावलीची पोथी, भाकरीचं वजन, द्राक्षारसाचं माप आणि हाताला लागेल तेवढं सामानसुमान. मला या यादीने पार गप्प केलं. सोन्याचं काही नाही, संतांचे अवशेष नाहीत. घेतलं ते वजन आणि माप. म्हणजे कुठेही गेलं तरी उद्या सकाळी प्रत्येकाच्या वाट्याला किती भाकरी येणार हे ठरलेलं. मठ जवळपास दीडशे वर्षं ओसाड राहिला. ७१८च्या सुमारास पेत्रोनाक्स नावाच्या माणसाने तो पुन्हा नांदता केला. ८८३मध्ये अरब हल्लेखोरांनी जाळला, १३४९मध्ये भूकंपाने पाडला. दर वेळी परत आलेले साधू त्याच तासांच्या प्रार्थनेला उभे राहिले.

चौथा विध्वंस १५ फेब्रुवारी १९४४चा, आणि त्यात आपलाही हात होता. जर्मन संरक्षणरेषा या डोंगरावरून जात होती. खाली हल्ल्याच्या तयारीत असलेल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनमध्ये राजपुताना रायफल्स, पंजाबी आणि गुरखा पलटणी होत्या. माथ्यावरची ती जाड भिंतींची वास्तू तशीच ठेवून आपल्या जवानांना चढाईला पाठवणं डिव्हिजनचे प्रमुख जनरल टकर यांना मान्य नव्हतं. बॉम्बफेकीची मागणी त्यांच्याकडून सुरू झाली. सव्वादोनशेहून अधिक अमेरिकी विमानांनी मठाचा ढिगारा केला. आत जर्मन सैनिक नव्हते, असंच बहुतेक इतिहासकार आता म्हणतात. आश्रयाला आलेले दोनशेहून अधिक नागरिक मात्र होते, ते मेले. आणि त्याच ढिगाऱ्याचा जर्मनांना नंतर उत्तम आडोसा झाला.

दोन दिवसांनी वृद्ध मठाधिपती ग्रेगोरियो दियामारे उरलेल्या चाळीसेक माणसांना घेऊन, पुढे क्रूस धरून, रोजरी म्हणत डोंगर उतरले. कार्लोमान्नो पेलागाली नावाचे एक म्हातारे साधू तेवढे परत फिरले आणि अवशेषांमध्ये राहिले. तिथे वावरणारी ती आकृती पाहून जर्मन छत्रीधारी सैनिकांना भूत वाटलं. ३ एप्रिलनंतर ते कुणाला दिसले नाहीत. मेमध्ये पोलंडच्या सैन्याने डोंगर घेतला. ग्रंथालयातली हस्तलिखितं आदल्या वर्षीच रोमला हलवल्यामुळे वाचली. ऑक्टोबर १९६४मध्ये पोप पॉल सहावे यांनी नव्या चर्चचं समर्पण केलं आणि बेनेडिक्टला युरोपचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केलं.

वेदीखाली बेनेडिक्ट आणि त्याची बहीण स्कोलास्तिका यांची समाधी आहे. बॉम्बहल्ल्यातून ती वाचली. बहिणीची गोष्ट सांगितल्याशिवाय ही वाट पुरी होत नाही. ती स्वतः संन्यासिनी. बहीण-भाऊ वर्षातून एकदा डोंगराखालच्या एका घरी भेटत. त्यांच्या शेवटच्या भेटीत संध्याकाळ झाली तेव्हा ती म्हणाली, आज रात्री राहा, बोलत बसू. बेनेडिक्ट म्हणाला, मठाबाहेर रात्र काढणं नियमात बसत नाही. तिने हात जोडले, मान खाली घातली, आणि निरभ्र आभाळातून असा पाऊस कोसळला की त्याला उंबरठा ओलांडता येईना. ‘हे काय केलंस?’ म्हणून तो चिडला. तुला विनवलं, तू ऐकलं नाहीस. देवाला विनवलं, त्याने ऐकलं, असं तिचं उत्तर. तीन दिवसांनी ती गेली. ग्रेगरी या प्रसंगात बहिणीच्या बाजूने निकाल देतात, कारण तिचं प्रेम अधिक होतं. नेमाच्या आद्यपुरुषाचं चरित्र लिहिताना त्याचा नेम मोडला तो प्रसंग न गाळणं, याला मी मोठेपणा म्हणतो.

त्याच ग्रंथात मार्तिन नावाच्या एका तपस्व्याचाही उल्लेख आहे. गुहेतून बाहेर पडायचा मोह होऊ नये म्हणून त्याने पायात साखळी अडकवून ती खडकाला ठोकली होती. बेनेडिक्टने निरोप धाडला : देवाचा सेवक असशील तर लोखंडाच्या साखळीने बांधून घेऊ नकोस, ख्रिस्ताच्या साखळीने घे. मार्तिनने साखळी सोडली आणि आधी जेवढ्या टापूत फिरत होता तेवढ्यातच राहिला. उपवासकाळात कुणी फार कडक व्रतं सांगायला लागलं की मला आता हा मार्तिन आठवतो.

डोंगर उतरल्यावर लगेच रोमची गाडी पकडू नका. स्टेशनपासून फार दूर नाही अशा ठिकाणी राष्ट्रकुल देशांच्या सैनिकांची दफनभूमी आहे, चार हजारांहून अधिक कबरींची. ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची नावं तिथल्याच स्मारकाच्या हिरव्या संगमरवरावर कोरलेली आहेत. त्यांत माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे आहेत. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांनी एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि ठाणं घेतल्यावर गोळी लागून पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठी माणसाने इथे येऊन हे नाव न शोधता परत जाऊ नये.

जाणार असाल तर आधी सुबियाको आणि मग कासिनो, हाच क्रम ठेवा. निदान एक मुक्काम सांता स्कोलास्तिकाच्या अतिथिगृहात करा. खोलीसाठी आधी कळवावं लागतं. कासिनो स्टेशनवरून वर जाणाऱ्या बस दिवसात मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. आणि नियमावलीचं एखादं स्वस्त भाषांतर बरोबर ठेवा. शेवटच्या प्रकरणात बेनेडिक्टने स्वतःच सांगून टाकलंय की हा नियम पोहोचलेल्यांसाठी नाही, नवशिक्यांसाठी आहे.